मालवणजवळ तंबू कुठे टाकायचा? पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

दर नोव्हेंबरात ओळखीतली तरुण मंडळी मला एकच प्रश्न विचारतात, "मालवणला तंबू टाकायला बीचवर चांगली जागा कुठली?" मी उलट विचारतो, "कुठल्या तिथीला येताय?" त्यांना वाटतं मी मुहूर्त बघतोय. मी भरती मोजत असतो.

मालवण बंदराचं गाव. त्याच्या आजूबाजूला तीन तऱ्हेचं पाणी आहे: समोर समुद्र, दोन्ही अंगांना खाड्या आणि आत धामापूरचं तळं. यातल्या कोणाच्या शेजारी झोपायचं हे आधी ठरवा. मग ते पाणी रात्री बारा वाजता कुठे असेल, हे दिवसाउजेडी शोधून काढा. शौचालय, वीज, जेवण यांची चौकशी त्यानंतर.

महिना

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत या. ऑक्टोबरात उकाडा असतो आणि परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडाटासकट येतो. अरबी समुद्रातली वादळंही पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. फयान २००९ च्या नोव्हेंबरात आलं, क्यार २०१९ च्या ऑक्टोबरात, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. म्हणून नोव्हेंबरातसुद्धा निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा. मार्चनंतर तंबूत रात्रभर घाम येतो, शिवाय आंब्याच्या बागांत फवारणी आणि राखण सुरू असते, तिथे अनोळखी माणसाने रात्री फिरू नये. जून ते सप्टेंबर तंबूचा विचारच करू नका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि पिढ्यानपिढ्या समुद्रावर जगणारी माणसंही त्या दिवसांत होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात.

एक स्थानिक अडचण नकाशावर दिसत नाही. मसुऱ्याजवळ आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते, पण तिची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते. त्या दोन-चार दिवसांत एसटी, रिक्षा, खोल्या, सगळं भरलेलं असतं. जत्रेलाच यायचं असेल तर जरूर या. तंबूसाठी शांत जागा हवी असेल तर तारीख जाहीर झाल्यावर बेत करा.

भरतीचं गणित

हा भाग नीट वाचा, मुक्कामाची सुरक्षितता यावरच आहे.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं, अमावास्येला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून भरतीचं वेळापत्रकही बघून ठेवा. पण हे गणित तोंडपाठ असलं की मोबाईलला रेंज नसतानाही काम भागतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. आता हे दोन्ही एकत्र करून बघा. नवखा माणूस चांदण्यासाठी पौर्णिमा निवडतो. सूर्यास्ताच्या वेळी किनाऱ्यावर पोचतो, तेव्हा उधाणाची ओहोटी असते. समुद्र लांब आत गेलेला, समोर ऐसपैस सपाट ओली वाळू. इतकी सुंदर जागा त्याने कधी बघितलेली नसते. तिथेच तो तंबू ठोकतो, जेवतो, झोपतो, आणि बाराच्या सुमारास महिन्यातली सर्वांत मोठी भरती येते.

मी स्वतः एका कोजागिरीला भाच्यांना घेऊन तळाशीलच्या बाजूला असाच झोपलो होतो. ओल्या वाळूपासून वीसेक पावलं वर होतो, तेवढं पुरेल असं वाटलं. पावणेबाराला धाकट्या भाचीचा पाय ओला झाला म्हणून ती उठून बसली. तंबू सोडवेपर्यंत पाणी पोटऱ्यांना लागलं. मुलं सुखरूप वर आली, एक पिशवी आणि चपला गेल्या. त्या रात्री मुलांचे चेहरे मी बघितले आहेत. म्हणून तिथी विचारल्याशिवाय मी कोणाला जागा सांगत नाही.

पहिल्यांदा येणार असाल तर सप्तमी ते दशमीच्या आसपासच्या रात्री निवडा. तेव्हा पाणी फार चढत नाही, आणि संध्याकाळी तुम्ही बघता तीच जवळजवळ भरतीची रेषा असते. रात्री समुद्र मागे हटतो, पुढची भरती उजाडताना येते.

तिथी कोणतीही असो, किनाऱ्यावर दोन खुणा शोधा. काटक्या, शेवाळ, करवंट्या, समुद्रफेस असा केर लाटांनी एका ओळीत टाकलेला असतो. अशा एकाहून जास्त ओळी दिसतील, त्यातली सर्वांत वरची, वाळलेली ओळ धरा. दुसरी खूण मर्यादवेल. गर्द हिरव्या, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची ही वेल वाळूवर पसरते. जिथे खारं पाणी रोज पोचत नाही तिथेच ती टिकते, आणि तिचं नावच तुम्हाला जागा सांगतं. तंबू तिच्याही मागे, पण तिच्यावर नको. वाळू धरून ठेवायचं काम तीच करते.

तीन शेजारी

समुद्राकाठी मालवण शहराला लागून चिवला आणि वायरी, दक्षिणेला तारकर्ली आणि देवबाग, उत्तरेला तोंडवळी आणि तळाशील. देवबाग आणि तळाशील या चिंचोळ्या पट्ट्या आहेत, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. दिसायला या जागांना तोड नाही. पण तिथे पाणी दोन्हीकडून विचारात घ्यावं लागतं आणि बाहेर पडायला रस्ता एकच. दोन्ही गावांना समुद्राच्या धुपीने वर्षानुवर्षं सतावलं आहे. दगडी बंधारे दिसतील, ते कशासाठी घातले आहेत हे मनात ठेवा. कर्लीच्या मुखाशी ज्या वाळूच्या बेटाला पर्यटक त्सुनामी आयलंड म्हणतात, ते भरतीत पाण्याखाली जातं. तिथे रात्र काढायची कल्पना कोणी सुचवली तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

खाडीकाठ, म्हणजे कर्ली, कोळंब किंवा कालावलची खाडी, वाऱ्यापासून आडोशाचा असतो. लाटा नाहीत, पहाटे पाणी आरशासारखं, बगळे, खंड्या, घारी. त्या बदल्यात डास आणि चिलटं संध्याकाळी सहा ते आठ जीव नकोसा करतात. भरती खाडीतही आत येते, उधाणाला बांधावरून शेतात शिरते. कांदळवनाच्या जवळची चिखलट जमीन सुकलेली दिसली तरी ती भरतीचीच आहे. कांदळवनाची फांदी तोडणं गुन्हा आहे, खुंटीसाठीसुद्धा नको.

तिसरं तळं, आणि माझा जीव या तळ्यावर आहे. धामापूर मालवणहून कुडाळकडे जाताना चौक्याच्या पुढे लागतं, गाडीने साधारण अर्ध्या तासात. नागेश देसाई यांनी १५३० साली हे तळं बांधलं असं सांगतात. काठावर भगवतीचं देऊळ आहे. दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून अडवलेलं हे पाणी आजही उपयोगात आहे, आणि २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. लग्नकार्यासाठी फुलांची परडी तळ्यात सोडली की दागिन्यांनी भरून वर यायची, अशी कथा गावात सांगतात. तळ्याकाठी भरतीची भीती नाही, मीठ नाही, थंडीत हवा सुखद. मात्र बांधावर, पायऱ्यांवर किंवा देवळाच्या आवारात तंबू टाकायचा नाही. गावात चौकशी करून कोणाच्या तरी बागायतीत, मालकाला विचारून टाका. तळ्यात साबण लावून अंघोळ, भांडी, कपडे अजिबात नको. हे गावाचं पाणी आहे. पोहायला उतरू नका. काठ अचानक खोल होतो, आणि आतल्या शेवाळाचा व गाळाचा अंदाज वरून येत नाही. बाजूचं रान दाट आहे, गवे उतरतात का हे मालकाला विचारून ठेवा.

तिघांपैकी पहिल्या रात्रीसाठी कोणतं? खरं सांगायचं तर एकही नाही. पहिली रात्र किनाऱ्यापासून दोन-तीनशे पावलांवरच्या एखाद्या घरगुती निवासाच्या खळ्यात काढा. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, थंडीत बऱ्याच घरांपुढे त्यावर मांडवही असतो. तंबू उभारायचा सराव होतो, काही विसरलात तर आतून मिळतं, आणि सकाळी न्याहारीला घावणे-चटणी. दुसरी रात्र तळ्याकडे. समुद्राकाठची रात्र तिसरी ठेवा, तोपर्यंत वारा आणि भरती तुमच्या ओळखीची झालेली असेल.

फोनवर काय विचारायचं

फोटो बघून पैसे पाठवू नका. फोटो दुपारी आणि ओहोटीत काढलेले असतात. मालकाशी बोला, आणि पहिला प्रश्न हाच ठेवा: "काका, उधाणाचा पाणी खंयपर्यंत येता?" मोडक्या मालवणीत विचारलं तरी चालेल. खरा जाणकार लगेच सांगेल, त्या माडापर्यंत, त्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत. जो "पाणी येत नाय हो, बिनधास्त या" एवढंच म्हणतो, त्याला पुन्हा विचारा, आणि तरीही ठाव लागत नसेल तर दुसरीकडे जा.

मग विहिरीचं पाणी गोडं आहे की मचूळ? किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. शौचालय तंबूपासून किती पावलांवर, आणि रात्री तिथे दिवा असतो का? बायका-मुली बरोबर असतील तर हे आधी विचारा, पोचल्यावर नव्हे. जेवण मिळेल का, मासळीचं की शाकाहारी, आणि किती वाजेपर्यंत सांगावं लागतं? घरची काकी दुपारी बाजारात जाऊन मासळी आणते, संध्याकाळी सातला "सहा थाळ्या" सांगणं तिच्यावर अन्याय आहे. जमीन त्यांची स्वतःची आहे का? मोकळ्या किनाऱ्यावर परस्पर तंबू टाकू नका. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसांकडे गाव आणि पोलीस दोघांचंही लक्ष असतं, आणि ते योग्यच आहे. ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं.

रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरा, तिथून एसटी मिळते. शेवटची गाडी किती वाजता आहे ते त्याच दिवशी स्थानकावर विचारा. गॅसचा डबा किंवा स्टोव्ह रेल्वेत नेता येत नाही. म्हणून नवख्यांनी स्वयंपाकाचा घाट घालूच नये, घरचं जेवण सांगावं.

पोचल्यावर आधी वर बघा

चारच्या आत पोचा. सामान खाली ठेवायच्या आधी मान वर करा. माडाखाली तंबू कधीच नाही, वारा असो वा नसो. नारळ पडायला वारा लागत नाही, आणि सुकलेलं चुडत, म्हणजे माडाची झावळीही चांगलीच जड असते. माडांच्या दोन ओळींच्या मधोमध मोकळी जागा असेल तर झाडाच्या बुंध्यापासून दोन्हीकडे अंतर मोजा. सुरूच्या बनात सावली छान मिळते, पण मोडकी फांदी अडकलेली नाही ना, ते तपासा. आंबा-काजूच्या फांदीवर पानं शिवून केलेला गोळा दिसला तर ते ओंबिलांचं घरटं आहे. लाल मुंग्या, चावा जळजळीत. दहा पावलं लांब व्हा.

आता खाली. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खुंटी शिरत नाही, दोरी मोठ्या दगडाला बांधावी लागते. पण दगड हाताने उचलायच्या आधी काठीने उलटवा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप भरपूर आहे, आणि तो कातळातल्या दगडांखालीच बसतो. विंचूही तिथेच. वाळूत उलट अडचण, खुंटी जाते आणि लगेच निघते. कापडी पिशवीत वाळू भरा, दोरी तिला बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. कोणताही वारा ती उपटत नाही.

वाऱ्याचं असं. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो संध्याकाळी पडतो. उत्तररात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, थंड आणि कोरडा. तंबूचं दार समुद्राकडे ठेवलंत तर पहाटेची थंडी पाठीमागून येते आणि दार शांत राहतं. थंडीत दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेले कपडे पिळून काढावे लागतात. वरचं आवरण लावाच, आणि खिडकीची जाळी उघडी ठेवा, नाहीतर आतूनही पाणी ठिबकतं.

झोपायच्या आधी बूट पालथे करून आत घ्या, तंबूची चेन पूर्ण लावा, रात्री बाहेर पडताना टॉर्च खाली धरा. साप चावला तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं यातलं काही करू नका. अवयव हलवू न देता थेट सरकारी रुग्णालयात. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय, रुग्णवाहिकेसाठी १०८. विंचू चावला तरी दुखणं सोसत बसू नका, दवाखाना गाठा. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यावर ते प्रमाण उतरलं. उपचार आहे, तो वेळेत मिळायला हवा. समुद्रात कोणी अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि पोलिसांचा ११२, हे दोन्ही फोनमध्ये आधीच साठवा.

बंदराशेजारी राहताना

बंदराच्या अगदी जवळ तंबू नको. पहाटे इंजिनं सुरू होतात, दिवे रात्रभर असतात, सुकवलेल्या मासळीचा वास सवय नसलेल्याला झोपू देत नाही. पण दिवसातून एकदा बंदरावर चक्कर मारा, कारण समुद्राची खबर तिथे मिळते. वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागलाय का विचारा. तीन नंबरचा बावटा चढला आणि होड्या परत यायला लागल्या, तर आभाळ कितीही निळं असो, त्या रात्री किनाऱ्यावर झोपू नका. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची बोटही त्या दिवशी बंद असेल.

किनाऱ्यावर रापणीची जागा असते. पहाटे होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते, आणि दोन्ही टोकांचे दोर पंचवीस-तीस माणसं वाळूवरून ओढतात. त्या वाटेत तंबू असला तर त्यांचा दिवस वाया जातो. आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. दोराला हात लावा म्हणाले तर लावा, हाताला फोड येतील पण ती सकाळ आयुष्यभर लक्षात राहील.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ, शंख, काहीही उचलून पिशवीत टाकू नका. आणि हिवाळा हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. मादी रात्री वाळूत येते, अंड्यांतून पिल्लं निघायला साधारण दीड-दोन महिने लागतात. पिल्लं उजेडाच्या रोखाने जातात, म्हणून समुद्राकाठच्या तंबूला दिव्यांच्या माळा लावू नका. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर उकरू नका, गावात सांगा. घरट्यांची राखण करणारी माणसं बऱ्याच गावांत आहेत.

विस्तव वाळूवर, पाण्याच्या बाजूला, लहान. सुरूच्या वाळक्या पानांवर किंवा काजूच्या बागेत नको, फेब्रुवारीनंतर एका ठिणगीने वणवा लागतो आणि कोणाची तरी वर्षाची कमाई जाते. विझवताना पाणी ओता. नुसती वाळू टाकली तर खाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो आणि सकाळी अनवाणी येणाऱ्याला ते दिसत नाही.

निघताना कचरा बरोबर घ्या, शहरातल्या कचरापेटीपर्यंत न्या. पुरलेल्या पिशव्या उकरून काढा, वाळू रिकामी करा. आणि खुंट्या मोजा. आणल्या तेवढ्या हातात आल्याशिवाय जागा सोडू नका. वाळूत राहिलेली एक खुंटी रापणीचं जाळं फाडते, नाहीतर दोर ओढणाऱ्याच्या पायात जाते.